पेला पुढे गेला तो रविवार

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं; येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकरी आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. जागच्या जागी बाकावर बसून घ्यायचं, ही अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून चालत आलेली रीत. वडील, म्हणजे मंडळीचे नेमलेले ज्येष्ठ, आधी भाकरीचं ताट फिरवतात, मागोमाग पेल्यांचा ट्रे येतो. बोटभर उंचीचे काचेचे पेले. त्यातला द्राक्षरस महिला मंडळातल्या बाया शनिवारी संध्याकाळी मनुका उकळून, फडक्यातून गाळून करतात. गेली कित्येक वर्षं त्या शनिवारी पातेल्याशी मीही उभी असते.

4 ऑगस्ट 2024 चा रविवार. भाकरीचं ताट आलं, मी तुकडा घेतला. मग ट्रे घेऊन अण्णा आले.

अण्णा म्हणजे आमच्या मंडळीचे सर्वांत जुने वडील. माझ्या यजमानांचे दोस्त. त्यांच्या दफनविधीला मातीचा पहिला लोट ज्यांनी ओढला ते अण्णा. सोळा महिने आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. ट्रे माझ्यासमोर आला आणि थांबला. इतरांपुढे थांबत होता त्यापेक्षा जास्त वेळ थांबला. त्यांचे हात वयाने थरथरतात, त्यामुळे पेले एकमेकांना लागून किणकिणत होते. मी मान वर केली नाही. मांडीवरच्या गीतांच्या पुस्तकावर नजर ठेवून बसून राहिले. शेवटी शेजारच्या बाईंनी माझ्या पुढून हात घालून आपला पेला घेतला आणि ट्रे पुढे गेला. त्या माझ्या कानाशी हळूच म्हणाल्या, "बाई, तुमचं राहिलं."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, म्हणून सगळं गाव मला बाईच म्हणतं. तेवढीच वर्षं शब्बाथशाळेतही, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, शिकवलं. क्षमेवरचे धडे किती घेतले असतील, मोजलेले नाहीत. आणि त्या दिवशी प्रभूच्या मेजावरून मी अर्धीच उठले.

हे सगळं मी लिहिते आहे, कारण आमच्यासारख्या मंडळ्या नगर जिल्ह्यात गावोगाव आहेत आणि आमच्यासारखी भांडणंही गावोगाव आहेत. ती कशी लागतात आणि कशी मिटू शकतात, हे कुणीतरी आपल्या घरातलं म्हणून सांगायला हवं.

आमचं भांडण लागलं ते हंगामाच्या उपासनेच्या हिशेबावरून. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. वर्षातून एकदा शेतातलं पहिलं पीक देवाच्या पायाशी आणायचं असतं. बाजरीची पोती, कांद्याच्या गोण्या, उसाची मोळी, भोपळे, पपया, नारळ, पाय बांधलेल्या कोंबड्या, एखादं बोकड. उपासना झाली की बाहेर लिंबाखाली लिलाव होतो. "एकवार... दोनवार..." अण्णांचा आवाज त्या दिवशी वेशीपर्यंत जातो. दहा रुपयांचा नारळ तीनशेला जातो, घेणारा तो पुन्हा लिलावाला परत देतो, मग दुसरा कुणी अडीचशेला घेतो. देण्याची ती एक मोठी सुंदर चढाओढ असते. पण रोख पैसे सगळ्यांच्या खिशात नसतात. कांद्याची पट्टी आली की देतो, कारखान्याचं बिल झालं की देतो, असं म्हणून माणसं बोली लावतात. ते चालतं, कारण सगळी आपलीच माणसं.

नोव्हेंबर 2022 मध्ये मी खजिनदार होते. लिलावाची एकूण बोली झाली 64,250 रुपये. संध्याकाळी घरी येऊन मी ती सगळी रक्कम रोजकीर्दीत जमा म्हणून लिहून टाकली. बँकेत भरले 45,850. उरलेले 18,400 हे येणं होतं, आणि कुणाकडे किती याची यादी माझ्याच हस्ताक्षरात एका लहान वहीत होती. वही कपाटात. रोजकीर्द मंडळीसमोर.

एप्रिल 2023 च्या वार्षिक सभेत अण्णा उभे राहिले. म्हणाले, "जमा चौसष्ट हजार दिसतात, बँकेत पंचेचाळीस. मधले कुठे आहेत? हे लेकराबाळांच्या घासातले पैसे आहेत."

उत्तर एका वाक्याचं होतं. "अण्णा, उधारी आहे, यादी घरी आहे, उद्या आणते." एवढं म्हटलं असतं तर सभा पुढच्या विषयाला लागली असती. पण "लेकराबाळांच्या घासातले" हे शब्द माझ्या कानात शिरले आणि बाकी काही ऐकू येईना. यजमान जाऊन चार वर्षं झाली होती. ते असते तर हे कुणी विचारलं असतं का, हाच विचार डोक्यात घुमत राहिला. मी रजिस्टर टेबलावर ठेवलं, म्हणाले, "विश्वास नसेल तर राजीनामा घ्या," आणि निघून आले. वही कपाटातच राहिली. ज्यांनी मला चोर ठरवलं त्यांना खुलासा कशाला द्यायचा, असं मी स्वतःला समजावलं. आज मागे वळून पाहते तेव्हा कळतं की चोर हा शब्द अण्णांनी उच्चारलाच नव्हता. तो मी माझ्या मनाने त्यांच्या तोंडी घातला होता.

इथवर झालं ते एका वेळचं दुखणं होतं. पुढे मी जे केलं ते त्याहून वाईट. जूनमध्ये महिला मंडळाच्या बैठकीनंतर कुणीतरी विषय काढला, आणि मी बोलून गेले की दहा वर्षांपूर्वी कबरस्थानाच्या भिंतीसाठी वर्गणी जमली होती, तिचा तरी हिशेब कुणी पाहिला होता का? तेव्हा ते काम अण्णांकडे होतं. माझ्याजवळ पुरावा काडीचाही नव्हता. मला तसं खरंच वाटतही नव्हतं. मला ज्या जागी लागलं होतं, त्याच जागी त्यांना लागावं एवढंच हवं होतं. आठ दिवसांत ते बोलणं अण्णांच्या लेकीच्या सासरी, संगमनेरच्या बाजूला, पोचलं.

त्या वर्षी नाताळात आमच्या मंडळीत गाण्यांचे दोन गट निघाले. एरवी एकच पेटी, एकच तबला, रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं आणि पोरांची नवी गाणी अशी रात्रभर फेरी असते. त्या वर्षी अण्णांच्या पुतण्यांचा एक गट, आमच्या बाजूच्या पोरांचा दुसरा. एका घरी पहिला गट गाऊन गेला की तासाभराने दुसरा यायचा. वस्तीवरच्या एका म्हाताऱ्या आजीने दोन्ही गटांना करंज्या दिल्या आणि दोन्ही वेळा विचारलं, "दुसरी पोरं कुठंयत?" माझी नात मला विचारत होती, "आजी, आपण कोणत्या गटात?" सात वर्षांच्या मुलीला मी गटाचं उत्तर दिलं. ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

मग कोर्टाच्या गोष्टी सुरू झाल्या. अण्णांच्या जावयाने अब्रुनुकसानीची नोटीस तयार करून ठेवली आहे, असं कानावर आलं. आमच्याकडच्यांनी सल्ला दिला, धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करा म्हणजे भिंतीचा हिशेबही निघेल. मी एका वकिलाला फोनही केला. बायबलमधला, प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय मला पाठ आहे. भाऊ भावावर फिर्याद करतो आणि तीही विश्वास न ठेवणाऱ्यांपुढे, याबद्दल पौल करिंथकरांना लाजवतो. त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही, असं तो विचारतो. पाठ असूनही मी फोन केला. पाठांतराचा आणि पायांचा संबंध आपोआप जुळत नाही.

मला माहेरची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण त्या रविवारी दुपारी माझ्या डोळ्यांपुढे तीच आली.

माझे वडील अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतले. आईचं माहेर एसपीजी मिशनचं, म्हणजे अँग्लिकन, इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतलं. नगर जिल्ह्यात या दोन्ही मिशनांचं काम शेजारी शेजारी, कधी कधी एकाच गावात. जुनी माणसं "तुम्ही अमेरिकन का एसपीजी?" असं जातीसारखं विचारायची. आईच्या मंडळीत प्रभुभोजनाला पुढे जाऊन कठड्यापाशी गुडघे टेकायचे, आणि बिशपांच्या हातून दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याचा विधी, झालेल्यांनीच घ्यायचं. वडिलांचं दृढीकरण झालेलं नव्हतं, त्यांच्याकडे ती रीतच नव्हती. त्यामुळे सासुरवाडीला गेले की प्रभुभोजनाच्या वेळी ते मागच्या बाकावर बसून राहायचे. आई, आजी, मामा सगळे पुढे. जावई एकटा मागे. वडील कधी त्रागा करायचे नाहीत. आई सांगायची, ते तेवढा वेळ डोळे मिटून बसायचे.

29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. अँग्लिकन, काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन परंपरेची युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट, डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट. त्यासाठीची बोलणी 1929 पासून चालली होती. एकेचाळीस वर्षं माणसं बसून बोलत राहिली. बिशप असावेत की नसावेत, बाप्तिस्मा लेकराला द्यावा की कळत्या वयात, अशा प्रश्नांवर शतकानुशतकं मंडळ्या फुटलेल्या. इथे बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीती मान्य झाल्या. कुणी कुणाला हरवलं नाही. मी तेव्हा सात वर्षांची होते, मला यातलं काही कळत नव्हतं. पण त्यानंतर आम्ही आजोळी गेलो तेव्हाचं आठवतं. वडील बाकावरून उठले, आईच्या शेजारी चालत पुढे गेले आणि कठड्यापाशी गुडघ्यांवर आले. परत आले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. मला वाटलं, गुडघे दुखले असतील.

त्या ऐक्यातही सगळं गोड झालं असं नाही, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिले. गुजरातमधल्या ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल 2013 मध्ये आला. नागपूरच्या त्या दिवसानंतर बेचाळीस वर्षांनी. त्यात कोण बरोबर आणि कोण चूक, हे मी बोलणार नाही. पण ज्यांनी एकत्र प्रार्थना केली होती त्यांची मुलं आणि नातवंडं कोर्टाच्या तारखा धरत राहिली, याचं दुःख मला होतं.

तर त्या रविवारी, पेला पुढे गेल्यावर, मी घरी येऊन जेवले नाही. वडील आठवत होते. ज्या पेल्यासाठी ते आजोळच्या मागच्या बाकावर इतकी वर्षं थांबले, तो माझ्यापुढे आणून धरला होता आणि मी मान खाली घालून तो जाऊ दिला.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय काढला. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे तुला आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. हे वचन मी शब्बाथशाळेत डझनाने वेळा शिकवलं आहे. आणि दर वेळी मनात असं धरून शिकवलं की माझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर. त्या दुपारी पहिल्यांदा नीट वाचलं. तिथे उलटं आहे. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर. मला काय लागलं याचा तिथे उल्लेखच नाही. त्याला माझ्याकडून काय लागलं, हे आठवायला सांगितलं आहे. मला भिंत आठवली.

मग अठरावा अध्याय. तुझ्या भावाने अपराध केला तर जा आणि तुम्ही दोघंच असताना, एकांती, त्याला त्याची चूक दाखव. नाही ऐकलं तर एकदोघांना बरोबर घे. तरीही नाही, तर मंडळीला सांग. क्रम इतका स्पष्ट आहे की पहिलीच्या पोरालाही कळावा. मी एक कागद घेतला आणि अण्णांबद्दल आजवर मी कुणाकुणाशी बोलले त्यांची नावं लिहिली. अकरा झाली. धाकटी जाऊ, शेजारच्या बाई, महिला मंडळातल्या चौघी, पुण्याची भाची, मंडळीचे माजी पाळकसाहेब (धर्मगुरू), वकील, आणि आणखी दोघं. बारावं नाव, ज्याच्याशी आधी बोलायला सांगितलं होतं, त्या यादीत नव्हतं.

आमच्यातल्या बहुतेक भांडणांचं मूळ इथेच आहे, असं मला वाटतं. आपण पायऱ्या उलट्या चढतो. आधी मंडळीला सांगतो, मग एकदोघांना बरोबर घेतो, आणि माणसाशी एकांती बोलायची वेळ येते तोवर बोलण्यासारखं काही उरलेलं नसतं.

साडेचारला निघाले. मुलगा म्हणाला, "मी येतो." म्हटलं, "नको, एकटीच." पिशवीत ती लहान वही टाकली. पावसाची भुरभुर होती, वाटेवर चिखल. अण्णांचं घर वस्तीच्या टोकाला, दहा मिनिटांवर. दहा मिनिटांत तीन वेळा परतावंसं वाटलं.

वहिनी ओट्यावर मुगाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. पुढ्यात सूप, बाजूला शेंगांचा ढीग, पावसात भिजू नये म्हणून अर्धा गोणपाटाखाली. मी म्हटलं, "अण्णा आहेत का?" त्या म्हणाल्या, "आहेत." "या" म्हणाल्या नाहीत. मी चपला काढल्या आणि ओट्याच्या कडेला टेकले. काय करावं कळेना, म्हणून हात आपोआप शेंगांकडे गेले आणि मी सोलायला लागले. त्यांनी अडवलं नाही.

अण्णा बाहेर आले. उभेच राहिले. माझ्या पिशवीकडे पाहून म्हणाले, "बाई, कागद आणलाय का?"

त्यांना वाटलं मी नोटीस घेऊन आले. सोळा महिन्यांत आम्ही त्या माणसाला इथवर आणलं होतं, की आपल्या दोस्ताची विधवा दारात आली तर तिच्या पिशवीत कोर्टाचा कागद असेल असं त्याला वाटावं.

"कागद नाही अण्णा, वही आहे," मी म्हटलं. "पण वही नंतर. आधी दुसरं बोलायचंय. कबरस्थानाच्या भिंतीचं मी जे बोलले, ते खोटं होतं. मला काही माहिती नव्हती. तुम्हाला लागावं म्हणून बोलले."

वहिनींचे हात थांबले. अण्णा काही बोलायच्या आत त्या बोलल्या. "माझ्या लेकीला सासरी ऐकावं लागलं, बाई. चार माणसांत. 'तुझ्या बापाने देवाचा पैसा खाल्ला' म्हणून."

मी म्हटलं, "मला माफ करा वहिनी."

त्या काही बोलल्या नाहीत. पुन्हा शेंगा सोलायला लागल्या. मीही. बराच वेळ फक्त शेंगा फुटल्याचा आवाज. माफी मागितली की समोरच्याने लगेच "जाऊ द्या" म्हणावं अशी आपली अपेक्षा असते. त्या दिवशी मला कळलं की तो वेळ त्यांचा आहे. त्यावर माझा हक्क नाही.

मग अण्णा खाली बसले. म्हणाले, "सभेच्या आदल्या रात्री मी तुमच्या फाटकापर्यंत आलो होतो. विचारावं म्हणून. तुमच्या खिडकीत उजेड होता. पण तुम्ही एकट्या. रात्रीच्या वेळी बाईमाणसाच्या घरी हिशेब विचारायला जायचं, ते मनाला येईना. परत फिरलो."

मला हे ठाऊकच नव्हतं. सोळा महिने मी म्हणत होते की त्यांनी मला एकांती का विचारलं नाही. आणि ते फाटकापर्यंत आले होते. आमच्या गावाकडे एकट्या राहणाऱ्या बाईच्या बाबतीत "एकांती जा" हे पाळणं पुरुषाला सोपं नाही, हे खरं आहे. "वहिनींना घेऊन आला असतात तर," मी म्हटलं. "हां," ते म्हणाले, "ते सुचलं नाही. आणि ते लेकराबाळांच्या घासाचं मी बोलायला नको होतं. ते तोंडातून गेलं."

मग वही काढली. अण्णांनी चष्मा लावला आणि आम्ही नावं वाचत गेलो. अमक्याची पपई, तमक्याची कोंबडी, उसाची मोळी. 18,400 पैकी 6,500 आधीच्या पाळकसाहेबांकडे परस्पर जमा झाले होते. ते बोअरच्या मोटरीच्या दुरुस्तीला गेले, त्याची पावती फायलीत होती. बाकी 11,900 चौदा जणांकडे येणं. त्यात 700 रुपये अण्णांच्याच धाकट्या भावाकडे. सगळ्याला मिळून वीस मिनिटं लागली.

निघताना मी म्हटलं, "प्रार्थना करू या का?" अण्णांनी सुरुवात केली आणि त्यांचा गळा दाटला. वहिनींनी पुरी केली. एकच वाक्य होतं. "बापा, आमच्यातलं कडू काढून टाक." मी उठले तेव्हा त्यांनी सुपातले ओले मूग माझ्या पिशवीत ओतले. तोंडाने अजूनही काही बोलल्या नव्हत्या.

फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात दोन बाया आहेत, युवदीया आणि सुंतुखे. पौल दोघींनाही वेगवेगळी विनवणी करतो, प्रभूच्या ठायी एकचित्त व्हा. भांडण कशाचं होतं ते तो सांगत नाही. कुणाची चूक, तेही नाही. पण या दोघींनी माझ्याबरोबर सुवार्तेसाठी कष्ट केले, त्यांची नावं जीवनाच्या पुस्तकात आहेत, हे मात्र आवर्जून लिहितो, आणि आपल्या एका सोबत्याला त्यांना मदत करायला सांगतो. हे पत्र मंडळीत मोठ्याने वाचलं गेलं असणार. त्या दोघी तिथेच कुठेतरी बसलेल्या असतील. एकमेकींकडे पाहिलं असेल का त्यांनी? मला ते फार जाणून घ्यावंसं वाटतं. आणि आमच्या सोळा महिन्यांत "सोबत्या"चं काम करायला कुणी पुढे आलं नाही, याचंही वाईट वाटतं. बाजू घ्यायला माणसं मिळाली, हात धरून ओट्यापर्यंत न्यायला नाही. तुमच्या मंडळीत दोघं बोलत नसतील आणि तुमचं दोघांकडे जाणंयेणं असेल, तर ते काम तुमचं आहे.

एक गोष्ट मात्र ठासून सांगते, कारण या वचनांचा दुरुपयोगही मी पाहिला आहे. घरात मार खाणाऱ्या बाईला "मंडळीची बदनामी नको, क्षमा कर" असं सांगणं म्हणजे ऐक्य नव्हे. लेकराला कुणी हात लावला तर ते प्रकरण एकांती मिटवायचं नसतं, पोलिसांत जायचं असतं. पैसा खरोखर खाल्ला असेल तर हिशेब तपासनिसाला तपासू द्यायचा असतो. मत्तयाच्या त्याच अठराव्या अध्यायाची सुरुवात लहानग्यांपासून आहे. त्यांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडवलेलं बरं, असं प्रभू म्हणतो. "एकांती जा" हे त्याच्यानंतर येतं. दुबळ्याचं तोंड दाबायला जो हा अध्याय वापरतो, त्याने तो पहिल्या ओवीपासून वाचलेला नाही.

आमचं भांडण तसलं नव्हतं. आमचं मानापमानाचं होतं, आणि मंडळ्यांतली बहुतेक भांडणं मानापमानाचीच असतात.

एप्रिल 2025 च्या वार्षिक सभेत मी परवानगी मागून उभी राहिले. रोजकीर्दीतली चूक माझी होती, येणं हे जमा म्हणून लिहिलं होतं, हे सांगितलं. आकडे वाचले. चौदा जणांची नावं वाचली नाहीत, त्यांना घरोघर जाऊन सांगितलं होतं आणि तोवर आठ जणांनी पैसे दिलेही होते. मग भिंतीचं सांगितलं. अण्णांनी "ते इथे नको" म्हणून खूण केली होती, पण मी चार बायांत बोलले ते सगळ्या गावात गेलं होतं, तर खोटं होतं हेही सगळ्यांसमोरच सांगायला हवं होतं. पाय लटपटत होते. त्यानंतर अण्णा उठले आणि म्हणाले, "मीही बाईंना आधी विचारायला पाहिजे होतं." दुसरं काही बोलले नाहीत, खाली बसले.

सगळं पूर्ववत झालंय असं म्हणणार नाही. अण्णांचा धाकटा भाऊ अजून माझा "जय ख्रिस्त" घेत नाही. मी दर रविवारी म्हणते, तो दुसरीकडे पाहतो. अण्णांची लेक दिवाळीच्या सुट्टीत आली तेव्हा मी भेटायला गेले. ती चांगली बोलली, पण जपून बोलली. तिचं जे गेलं ते मी परत आणून देऊ शकत नाही. पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांचं मार्क या दुसऱ्या सोबत्यावरून इतकं बिनसलं की दोघं दोन दिशांना गेले, आणि तरी पुढे कैदेतून पौल लिहितो, मार्काला घेऊन ये, तो उपयोगी आहे. मधल्या वर्षांत त्यांच्यात काय झालं ते कुठे लिहिलेलं नाही. मी तेवढ्यावर आशा धरून आहे.

गेल्या नोव्हेंबरात हंगामाची उपासना झाली. लिंबाखाली टेबल, टेबलाशी मी, नवं रजिस्टर. त्यात आता चार खाने आहेत. नाव, वस्तू, रोख, येणं. अण्णांनी आखून दिलेत, पट्टी लावून. वहिनींनी शेर-दोन शेर मूग आणले होते, स्वच्छ निवडलेले, पांढऱ्या फडक्यात बांधून. बोली शंभरावर अडली तेव्हा मी लिहिता लिहिता म्हटलं, "दोनशे." कुणीतरी मागून सव्वादोनशे म्हणालं. मी अडीचशे केले.

"अडीचशे एकवार," अण्णांचा आवाज पूर्वीसारखाच वेशीपर्यंत गेला. "दोनवार. तीनवार." मग टेबलाकडे वळून त्यांनी मला विचारलं, "बाई, रोख का येणं?"

"रोख," मी म्हटलं, आणि त्याच खान्यात लिहिलं. वहिनी फडकं सोडायला आल्या. म्हणाल्या, "राहू द्या फडक्यासकट. उद्या घेऊन या, चहाला."